बुडबुड्यांचा मोसम

मे महिन्यात आमच्या घरात पुन्हा बुडबुडे आले.

डॉक्टरांनी विलासला घरीच ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. दुकानातल्या दोघांनी ते लिफ्टमधून वर आणलं, पलंगाशेजारी ठेवलं, नळी जोडली, बटण दाबलं, आणि मशीनच्या कडेला अडकवलेल्या पाण्याच्या बाटलीतून हवा वर यायला लागली. गुडगुड, गुडगुड. मी म्हटलं, "छान. कोपऱ्यात हुक्का ओढणारा नवाब आणून बसवलाय." विलास हसला, म्हणजे खोकला, हल्ली त्याचं दोन्ही एकाच जागेवरून येतं. मग छताकडे बघत म्हणाला, "आवाज तोच आहे." कुठला, म्हणून मी विचारलं. उगाच विचारलं. मला माहीत होतं.

विलास म्हणजे माझे यजमान. सगळा जन्म "अहो, ऐकलंत का" म्हणण्यात गेला. लेखात तरी मी त्याला अरे-तुरे करणार आहे. तो लेख वाचत नाही, आणि वाचलाच तर त्याची नळी माझ्यापर्यंत पुरत नाही. तो पाणबुड्या होता. विहिरीत पडलेली कळशी काढणारा नव्हे, समुद्राच्या तळाशी तेलाच्या नळांवर काम करणारा. पुण्याला समुद्र नाही, ही गोष्ट पुणेकरांनी कधी मनावर घेतलेली नाही. त्यांना त्यावाचून काही अडत नाही. त्यामुळे नवरा काय करतो या प्रश्नाला मी उत्तर दिलं की समोरची बाई म्हणायची, "हो का? आणि नोकरी?"

बाकीच्या घरांत मे महिना म्हणजे गच्चीवर जुन्या साड्यांवर वाळणाऱ्या कुरडया, आंब्याच्या पेटीतलं गवत, मामाच्या गावाची तिकिटं. आमच्या घरात तो समुद्र बंद व्हायच्या आधीचा महिना असे. पावसाळ्यात आपल्या पश्चिमेच्या समुद्रावर पाणबुड्यांचं काम चालत नाही. दिवाळीच्या आगेमागे मोसम उघडतो आणि मे संपता संपता मिटतो. मिटण्याआधी राहिलेलं सगळं उरकायचं, म्हणून शेवटच्या पंगतीला होते तशी धांदल. माणसं थकलेली, जहाजं थकलेली, आणि वरून कोणीतरी "चला, आटपा" म्हणत उभं. जे काही वाईट व्हायचं ते बहुतेक याच दिवसांत व्हायचं. म्हणून अजूनही कैरी किसताना त्या वासाने तोंडाला पाणी सुटायच्या आधी माझं लक्ष फोनकडे जातं.

आता आम्ही वाघोलीला राहतो. गॅलरीतून टँकरची रांग दिसते. इतक्या उंच इमारती बांधल्या आणि पाणी मात्र रस्त्यावरून येतं. विलास खिडकीशी बसून टँकरवाल्यांच्या जाड नळ्या बघतो आणि कोणाची जोडणी गळतेय ते सांगतो. तेवढं काम त्याच्याकडे उरलंय.

लग्न झालं तेव्हा आम्ही येरवड्याला होतो. दोन खोल्या, पुढे ओटा, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि घरात माझ्या सासूबाई. त्या महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. सगळी वस्ती त्यांना "बाई" म्हणायची आणि त्यांच्यासमोरून जाताना शर्टाची बटणं लावायची. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. कानावर हेडफोन चढवून "पुणे, पुणे बोलतंय, लाइनवर राहा" म्हणणारी. ती शालिनी मला आज भेटली तर मी तिला चिमटा काढीन. तिला वाटायचं, देश तिच्या हातातल्या वायरींनी शिवलेला आहे. एक वायर तिने सैल सोडली की नागपूर गळून पडेल.

त्या शालिनीला नवऱ्याने आपला धंदा एका संध्याकाळी बादलीत समजावून सांगितला. स्टीलच्या पेल्याच्या तळाशी रुमाल कोंबला, पेला उलटा करून सरळ पाण्यात बुडवला, वर काढला. रुमाल कोरडा. "बघ. शेकडो वर्षांपूर्वी माणसं अशीच उलट्या घंटेत बसून खाली जायची. घंटेतली हवा विटली की वर." मग पितळी शिरस्त्राण आलं, वरून हवा पंप करणारी नळी आली, माणूस आणखी खोल गेला, आणि वर आल्यावर वेदनेने वाकडा होऊन मरायला लागला. "गोळीसोड्याची बाटली फटकन फोडली की काय होतं? तसं रक्तात होतं," विलास म्हणाला. दाबाखाली श्वास घेतला की वायू अंगात मुरतो. घाईने वर आलं की तो बुडबुड्यांनी बाहेर पडतो: सांध्यांतून, मणक्यातून, मेंदूतून.

मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की शरीर एकदा गच्च भरलं की त्यात आणखी वायू मुरत नाही. खाली एक दिवस राहा नाहीतर महिनाभर, वर यायला वेळ तेवढाच. तर मग माणसाला रोज वर आणायचंच कशाला? आधी समुद्राच्या तळाशी लोखंडी घरं करून त्यांत माणसं ठेवून पाहिली. पण ते महागाचं. त्यापेक्षा घर जहाजावरच बांधा आणि त्या घरात तळाइतका दाब भरा. माणसं त्या पिंपासारख्या घरात राहतील, जेवतील, झोपतील. कामाच्या वेळी पिंपाला जोडलेल्या गोळ्यात शिरतील, गोळा जहाजाच्या पोटातल्या विहिरीतून खाली सोडला जाईल, आणि पाळी संपली की तोच गोळा त्यांना परत पिंपात आणेल. सगळा मोसम ती माणसं खोलवरच असतात. फक्त त्यांची खोली जहाजावर ठेवलेली असते.

"किती हुशार!" शालिनी म्हणाली. टाळीसुद्धा वाजवली असेल गाढवीने. दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजमध्ये सगळ्यांना सांगितलं. जहाजाच्या पोटात विहीर असते हे ऐकून आमच्या सुपरवायझर बाई म्हणाल्या, "मग ते बुडत कसं नाही?" मी म्हटलं, "इम्पोर्टेड आहे."

तेव्हा सगळंच इम्पोर्टेड व्हायला लागलं होतं. दिल्लीत काहीतरी उघडलं म्हणे, आणि त्याची हवा येरवड्यापर्यंत आली. गल्लीत केबलच्या तारा लोंबायला लागल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ उगवले, पिठाच्या गिरणीच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास निघाला. समुद्रावर परदेशी जहाजं भाड्याने आली. आमची मुलगी चौथीत गेली तेव्हा नौदलातून बाहेर पडलेला विलास त्यांतल्या एकावर लागला. ते जहाज नांगर टाकत नसे. चारी बाजूंचे पंखे कॉम्प्युटर फिरवायचा आणि भर समुद्रात ते एका जागी उभं राहायचं. सासूबाईंना हे अजिबात पटलं नव्हतं. "वर्गात एक पोरगं धड एका जागी उभं राहत नाही, आणि जहाज राहणार!"

विलास आत, म्हणजे पिंपात, असताना जहाजावर फोन लावणं हा माझ्या मोठेपणाचा कळस होता. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रातून लाइन जोडली जायची; तिथला ऑपरेटर, फर्नांडिस, मला आवाजाने ओळखायचा. पहिल्यांदा विलासचा आतला आवाज ऐकला तेव्हा मी हेडफोन काढून हसत सुटले. पिंपात साधी हवा चालत नाही. हेलियम भरतात, त्यात प्राणवायू चवीपुरता. हेलियमने आवाज चिरका होतो. माझा धिप्पाड नवरा शेपटीवर पाय पडलेल्या बदकासारखा म्हणत होता, "शालू, घरचं सगळं ठीक ना?" मी डिवचून डिवचून त्याला बोलायला लावलं. मैत्रिणींनाही ऐकवलं.

आत अन्नाला चव लागत नाही म्हणून सासूबाईंनी एकदा ठेचा पाठवला. शालिनीने तो काचेच्या बरणीत दाबून भरला, प्रवासात सांडू नये म्हणून झाकण घट्ट पिळलं, वर मेण ओतलं. जहाजावर नव्या आलेल्या कोणीतरी बरणी तशीच पिंपात जेवण द्यायच्या छोट्या दारातून आत सरकवली. दाब चढला आणि झाकण ठेच्यात घुसलं, काच फुटली. विलासने काचा वेचून वेचून ठेचा खाल्ला. घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "झाकण सैल ठेवत जा. आत येणाऱ्या वस्तूला आतला दाब सोसायला वाट पाहिजे." मी हसले. आता ते वाक्य आठवलं की वाटतं, ते वस्तूंपुरतं नव्हतं.

जोसेफ विलासचा जोडीदार. केरळचा. पुण्याला आला की आमच्याच ओट्यावर झोपायचा. सासूबाई त्याला भाकरी वाढायच्या आणि मराठीचे धडे द्यायच्या. तो "बाई, मी चुकलो" एवढंच बिनचूक म्हणायचा. एका मोसमाच्या शेवटी, जोसेफ तळाशी असताना त्या एका जागी उभ्या राहणाऱ्या जहाजाचा कॉम्प्युटर फसला आणि जहाज सरकलं. जोसेफला हवा, गरम पाणी आणि उजेड पुरवणारी नळी तेलविहिरीच्या लोखंडी सांगाड्यात अडकली होती. विलास त्या वेळी गोळ्यात बसून ती नळी सोडत-ओढत होता. नळी आधी ताणली आणि मग सैल झाली. त्याने तिचं तुटकं टोक आत ओढून घेतलं.

घरी येऊन त्याने हे एकदाच सांगितलं. ऐकून सासूबाई उठल्या, जोसेफचं ताट मांडणीवरून काढून वेगळं ठेवलं आणि म्हणाल्या, "विलास, आता तू आत जायचं नाहीस. डेकवर काय ते काम कर. मला शब्द दे." त्याने दिला. पुढच्या मोसमात तो डेकवर आहे असं आम्ही दोघांनी त्यांना सांगितलं, आणि तो आत गेला. डेकवरच्या कामाला माणसं पुष्कळ मिळत होती. आत जाणारी कमी, आणि त्याला दुसरं काही येत नव्हतं.

त्याच मोसमात सासूबाईंच्या फुप्फुसांत पाणी झालं.

मार्चमध्ये त्या जिना चढताना थांबायला लागल्या. एप्रिलमध्ये बोलताना थांबायला लागल्या. वाक्य अर्ध्यावर सोडून श्वास घ्यायच्या आणि मग नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू करायच्या, जणू फळ्यावर लिहिलेलं आहे. मे उजाडला आणि दवाखान्याने हात टेकले, घरी न्या म्हणाले. पलंगाशेजारी लोखंडी नळकांडं उभं राहिलं, त्याला पाण्याची बाटली, बाटलीतून नळी, नळी नाकात. गुडगुड, गुडगुड. मुलीला मामाच्या गावी धाडलं होतं. बाहेर रस्त्याचं डांबर पाघळत होतं. मी उशाशी बसून पंख्याने वारा घालायची आणि विचार करायची, की या घरातली दोन माणसं नळकांड्यावर जगतायत. एक माझ्या हाताशी आहे, दुसरं समुद्रावर एका पिंपात. दोघांच्या मध्ये मी, कानावर हेडफोन.

मी फर्नांडिसकडून जहाज मिळवलं. पाणबुड्यांवर देखरेख करणारा साहेब लाइनवर आला, राघवन नावाचा. मी त्याला सांगितलं, आई जगत नाही, विलासला बाहेर काढा. लाइनवर कागद चाळल्याचा आवाज आला. मग हिंदीत म्हणाला, "मॅडम, त्याने 'नंतर' सांगितलंय."

तेव्हा मला ती रीत कळली. पिंपाचं दार लावण्यापूर्वी प्रत्येकाला विचारतात: घरून वाईट बातमी आली तर आत सांगायची, की नंतर? कारण बातमी ऐकून माणूस करणार काय? दार उघडलं तर तिथल्या तिथे मरेल. दाब हळूहळू उतरवायला तीन-चार दिवस लागतात, आणि एकासाठी उतरवला तर सगळ्यांसाठी उतरवावा लागतो. तोवर तो त्या पिंपात, हात लांब केला तर भिंतीला लागेल एवढ्या जागेत, बाकीच्यांसमोर रडणार. जोसेफच्या आधी विलास "आत" म्हणायचा. त्या वर्षी तो "नंतर" म्हणाला होता.

डेकवर उभं राहून राघवन त्या पिंपाच्या काचेला नाक लावू शकत होता. विलास त्याच्यापासून हातभर लांब होता, आणि तरी चंद्रावर गेलेला माणूस जितक्या दिवसांत परतला तितके दिवस त्याला दाराबाहेर यायला लागणार होते. मी जन्मभर लोकांना लोकांशी जोडलं. "अर्जंट आहे, निघून ये" हे दुसऱ्यांचे शब्द मी किती वेळा तारेवरून जाऊ दिले असतील. माझ्या स्वतःच्या नवऱ्याला मला एवढंसं "ये" म्हणता येत नव्हतं.

सासूबाईंना सगळं कळत होतं, फक्त तो आत आहे हे सोडून. असं मला वाटत होतं. त्या म्हणाल्या, "विलासशी बोलायचंय. माझ्या तब्येतीचं काढणार नाही. समुद्रावर त्याला कशाला घोर?" मी राघवनला गळ घातली: बातमी नाही, काही नाही, आई फक्त मुलाशी बोलणार. चिरका आवाज नीट करून देणारं एक यंत्र त्यांच्याकडे होतं. तो म्हणाला, ते लावतो, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येईल. मी म्हटलं, चालेल. आणि सासूबाईंना आधीच सांगून ठेवलं, की लाइन फार खराब आहे, आवाज विचित्र येईल. दोन्हीकडची व्यवस्था चोख लावली. त्या शालिनीला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता! नाटक बसवलं होतं तिने.

दुपार होती. पलंगावर फोन घेऊन त्या बसल्या, पाठीला उशा. मी बाहेरच्या खोलीतल्या दुसऱ्या फोनवर कान लावून.

"आई, कशी आहेस?" पत्र्याच्या डब्यातून विलास.

"मला काय धाड भरलीय? कुरडया घालतेय गच्चीवर." श्वास. "तुझ्या बायकोचा चीक पातळ झालाय, नेहमीसारखा. तू काय करतोयस?"

"डेकवर बसलोय. वारा मस्त आहे."

"सूर्य दिसतो?"

"डोक्यावर आहे."

"टोपी घाल."

"घातलीय."

"जेवणाला चव आहे का?"

"आहे की. इथे खानसामा चांगला आहे."

"बरं." श्वास. "बरं. सांभाळून राहा. मोसम संपला की ये. घाई करू नको."

"नाही करत."

"ठेवते. चीक गार होतोय."

तार सुटली. मी आत गेले. अगदी प्रसन्न चेहरा करून गेले. सासूबाई रिसीव्हर छातीवर धरून पडल्या होत्या. म्हणाल्या, "लाइन स्वच्छ होती. उगाच टेलिफोन खात्याला नावं ठेवत जाऊ नकोस."

मी पाण्याचा तांब्या उचलला, खाली ठेवला.

"आत आहे ना तो?"

मी त्यांच्या छातीवरचा रिसीव्हर उचलून जागेवर ठेवला.

"पोरं खोटं बोलताना छोटी वाक्यं बोलतात. सगळ्यांचंच असं असतं." श्वास. "बाहेर यायला किती दिवस लागतात?"

"तीन-चार."

त्यांनी डोळे मिटून मनाशी काहीतरी ताडून पाहिलं. "त्याला सांगू नकोस. मी गेल्यावरसुद्धा. बाहेर आल्यावर सांग. कोंडलेल्या माणसाला..." आणि तिथे श्वास घ्यायला थांबल्या. या वेळी त्या शब्दापासून पुढे गेल्याच नाहीत. हाताने मला नुसती बाटली दाखवली. पाणी कमी झालं होतं. मी भरलं.

त्या दोन दिवसांनी गेल्या, सकाळी, वस्तीत दूधवाला फिरत असताना. नळकांडं चालूच राहिलं. माणूस संपल्यावरही बाटलीत तसेच शहाणे, नियमित बुडबुडे येत होते, आणि चावी कोणत्या बाजूला फिरवायची ते मला आठवेना. शेजारच्या बायका आल्या, त्यांनी पांढरी साडी नेसवली, मेणबत्त्या लावल्या. वडीलधाऱ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. कोणीतरी विचारलं, "विलासची वाट बघायची?" मेचं ऊन होतं. बर्फ तीन-चार दिवस पुरत नाही. मी म्हटलं, "नाही." विद्युतदाहिनीचं बटण मी दाबलं. त्यावर काही जण कुजबुजले, सुनेने कसं काय. बाईंचा एक जुना विद्यार्थी, डोक्याला टक्कल पडलेला, रागाने त्यांच्याकडे वळला आणि रडायला लागला. त्याच्या शर्टाचं गळ्यापर्यंतचं प्रत्येक बटण लावलेलं होतं.

मग मी वाट बघत बसले. विलास आत काम करत होता, जेवत होता, झोपत होता, आणि त्याच्या जगात त्याची आई कुरडया घालत होती. मी रोज कामावर जायची. लोकांना लोक जोडून द्यायची. बोर्डावर दिवे कमी लागायचे. लोक आता स्वतःच नंबर फिरवत. माझ्यासारखीची गरज कमी कमी होत चालली होती. मुंबईच्या लाइनचा दिवा लागला की बाकीच्या लाइनी सोडून मी आधी ती उचलायची. फर्नांडिस हळूच म्हणायचा, "नाही, ताई. अजून आतच."

आणि एका दुपारी त्याने न बोलता लाइन जोडली. विलासचा आवाज आला: जाडा, घोगरा, स्वतःचा. मागे खराखुरा वारा होता. त्याने "हॅलो" म्हटलं नाही, "शालू" म्हटलं नाही. एकच शब्द म्हणाला.

"कधी?"

घरी आल्यावर तो आधी रिकाम्या पलंगापाशी गेला. नळकांडं अजून परत नेलेलं नव्हतं. त्याने बाटली काढून उजेडात धरली. म्हणाला, "फोनवर ऐकू येत होती." जन्मभर ज्या माणसाने वायूचा आवाज ऐकून आपला जीव सांभाळला, त्याच्यापासून मी बाटली लपवायला निघाले होते. "बुडबुडे वरवर फुटत होते. पाणी कमी झालेलं होतं. कोरडी हवा जात होती तिच्या घशात. मला ओरडून सांगायचं होतं तुला, बाटली भर म्हणून. पण सांगितलं असतं तर तिला कळलं असतं, की मला कळलंय."

"भरली होती मी," मी म्हटलं. "लगेच भरली."

तो पलंगाच्या कडेवर बसला. फोननंतर तो चुपचाप पाळीला गेला होता, तळाशी जाऊन नळाचे नट आवळले होते, परत पिंपात येऊन बाकीच्यांबरोबर पत्ते खेळला होता. कोणालाही काही बोलला नव्हता. त्या वेळी मी त्याला धीराचा म्हटलं. आज मला तो शब्द उच्चारवत नाही. कोंडलेल्या माणसाला... या वाक्याचा शेवट काय होता, ते आम्ही दोघांनी पुष्कळदा शोधलं. सापडला नाही.

पुढे सगळं झपाट्याने बदललं. एक्स्चेंजमधला बोर्ड निघाला, तिथे कपाटाएवढं यंत्र आलं आणि मला बिलाच्या खिडकीवर बसवलं. समुद्रावर माणूस बसलेल्या काचेच्या छोट्या पाणबुड्या आल्या, ज्यांत वरचीच हवा, वरचाच दाब घेऊन खाली जाता येतं. त्यांच्यामागून बिनमाणसांची, दोरीला बांधलेली यंत्रं आली, हात आणि डोळे असलेली. पिंपातली माणसं कमी होत गेली. विलास निवृत्त झाला तेव्हा डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, खांद्याचं हाड आतून मेलंय. खोलवरचे बुडबुडे रक्ताची वाट अडवून बसतात, वर्षांनी कळतं. "म्हणजे मोसम माझ्या खांद्यात राहिला," तो म्हणाला. फुप्फुसांचं नंतर आलं.

आमच्या मुलीची मुलगी, ओवी, कॉम्प्युटर शिकली. खराडीला, जिथे आम्ही हुरडा खायला जायचो त्या शेतावरच्या काचेच्या इमारतीत तिचं ऑफिस आहे. ती अशाच एका बिनमाणसाच्या यंत्राचा मेंदू लिहिते. पिवळा डबा आहे, मी फोटो पाहिलाय. "आजी, आता डायव्हर लागतच नाही, माहितीये? आमचं व्हेइकल स्वतःच खाली जाऊन पाइप स्कॅन करतं. रिस्क झीरो." मी म्हटलं, "वा! इम्पोर्टेड?" ती चिडली. "आजी! मेड इन खराडी." विलास तिच्याशी तासन् तास बोलतो. आमची बाटलीची गोष्ट तिने लहानपणी माझ्या मांडीवर ऐकलीय, राजाराणीच्या ऐवजी.

या मेमध्ये ओवी चाचणीसाठी जहाजावर गेली. समुद्र बंद व्हायच्या आधी डब्याला एकदा पाणी दाखवायचं म्हणून. ती गेल्यावर चार दिवसांनी विलासला मशीन लागलं. त्याने मला बजावलं, "पोरीला सांगायचं नाही. पहिलंच मोठं काम आहे तिचं." डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन जे सांगितलं ते मीही त्याला सांगितलेलं नव्हतं. आमच्या घरात ही परंपराच आहे.

परवा दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. फोन वाजल्याबरोबर विलासने नाकातली नळी काढली, उशीखाली सारली आणि मला मशीनकडे बोट दाखवलं. मी बटण बंद केलं. गुडगुड थांबली. त्याने केसांवरून हात फिरवला, फोन चेहऱ्याच्या फार जवळ धरला, म्हणजे मागचं काही दिसू नये.

"आजोबा! कसे आहात?"

"मजेत."

"काय करताय?"

"बसलोय. तुझी आजी कैऱ्या किसतेय."

"दमलेले दिसताय."

"उकाडा आहे."

छोटी वाक्यं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, हातात खरंच कैरी होती. तिच्या मागे निळं, स्वच्छ पाणी दिसत होतं आणि डोक्यावर पिवळी टोपी. विलासचे ओठ हळूहळू करडे व्हायला लागले. तो हसत होता. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती, मध्ये मी, आणि लाइन अगदी स्वच्छ होती.

मी कैरी खाली ठेवली आणि मशीनचं बटण दाबलं.

गुडगुड, गुडगुड.

विलासने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की एवढ्या वर्षांच्या संसारात तशी नजर मी पाहिली नव्हती. पडद्यावर ओवी बोलता बोलता थांबली. तिने टोपी काढली. मागे कोणीतरी तिला हाक मारत होतं. तिने हात वर करून त्याला गप्प केलं. तिने आजोबांना काहीच विचारलं नाही. मला म्हणाली, "आजी. कधीपासून?"

मी विलासच्या हातातून फोन घेतला.

"ये," मी म्हटलं.